पेनांगला जाताना घोडेगाव लागतं

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील समस्त शेतकरी, नोकरदार, व्यापारी आणि बसस्थानकावर काहीही काम नसताना बसून असणारे नागरिक यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की ओतूरच्या शाळेत एका बाकावर बसून एकमेकींच्या वह्या फाडलेल्या चार बायका समुद्रात बोटीने जाऊन परत आल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. चौघीही शाबूत आहेत. चौघी अजून एकमेकींशी बोलतात. यातली दुसरी बातमी पहिलीपेक्षा मोठी आहे. ती का मोठी आहे, एवढंच सांगण्यासाठी हा कागद खर्ची घालते आहे.

आधी बाकावरच्या चौघी. विजयाचं टेबल जुन्नरच्या एका सरकारी कचेरीत. तिच्या घरात तीन घड्याळं, आणि तिन्ही सारखी वेळ दाखवतात. एस्टीच्या गाड्या तिला पाढ्यासारख्या पाठ. स्टँडवरची चौकशीची खिडकी बंद असली तर लोक तिच्या दारात येऊन कल्याण गाडी गेली का विचारत.

कुसुम डिंगोऱ्याची. तिचं माहेर आणि सासर एकाच शिवारात, त्यामुळे रुसून जायला तिला जागाच नव्हती. ती ट्रॅक्टर चालवते, जीप चालवते, आणि कुठंही नेली तरी आधी खाली वाकून मातीचं ढेकूळ उचलून बोटांत चुरते. मग ठरवते, गाव बरं की नाही.

रत्ना आंबेगाव तालुक्यात सरकारी दवाखान्यात सिस्टर. तिचे वडील गवंडी होते. ओतूरला बांधकामं निघाली तेव्हा ते बिऱ्हाड घेऊन आले, आणि रत्ना आमच्या बाकावर आली. आमच्यातल्या कुणाला कसली गोळी चालत नाही हे तिला माहीत. तिला काय हवं, हे विचारायचं मात्र आम्हाला कधी सुचलं नाही, कारण तिचा चेहरा कधी वैतागलेला दिसलाच नाही.

आणि मी मंगल. शाळेत मराठी शिकवते, स्नेहसंमेलनाची नाटकं बसवते. प्रवासात मला स्थळं बघायची नसतात, माणसं गाठायची असतात.

अशा चौघी चौऱ्याण्णव साली पहिल्यांदा भीमाशंकरला गेलो होतो. विजया चाळीस मिनिटांत दर्शन आटोपून परतीच्या गाडीपाशी उभी राहिली. कुसुम हिरड्याची झाडं बघत रानात शिरली. मी चहाच्या टपरीवर एका बाईच्या मुलीचं लग्न कसं मोडलं आणि पुन्हा कसं जुळलं हे ऐकत बसले. रत्ना आम्हा तिघींना हुडकत फिरली. तिला शेकरू बघायचं होतं. ते राहिलं. गाडी गेली. त्यानंतर सहा महिने आमच्यातलं बोलणं फक्त रत्नामार्फत चाले.

ओतूर

दोन हजार सहा सालच्या आसपासची गोष्ट. विजयानं पुण्याहून एक रंगीत पुस्तिका आणली. सिंगापूरहून बोट निघणार, वाटेत फुकेत आणि पेनांग ही दोन बंदरं घेऊन परत येणार. बोट बंदराला चार-सहा तास थांबते, तेवढ्यात खाली उतरून गाव बघायचं आणि वेळेत वर चढायचं. न चढल्यास बोट निघून जाईल व कंपनी जबाबदार राहणार नाही. हे शेवटचं वाक्य विजयानं माझ्याकडे बघत तीनदा वाचलं.

"चौघींचं बंदरात जमायचं न्हाई," कुसुम म्हणाली. "विजी पळणार, मंगी बसणार. मी आपली बोटीवरच थांबते."

"मग तालीम करू," मी म्हणाले. "नाटक कसलंही असो, रंगीत तालमीशिवाय पडदा उघडायचा नाही."

या वाक्याचा मला अजूनही अभिमान आहे. कुसुमच्या घरची जीप ही बोट. जुन्नर आणि आंबेगाव हा समुद्र. एक दिवस, चार बंदरं, प्रत्येकीचं एक. विजयानं नियम लिहून काढले: बंदर जिनं निवडलं तिचं तिथं राज्य. निघायच्या वेळेला तीन भोंगे. तिसऱ्या भोंग्याला जी आत नसेल ती राहिली. दया नाही.

विजयानं जुन्नर घेतलं, कुसुमनं डिंभे धरण, मी घोडेगावचा बाजार.

"आणि तुझं गं, रत्ने?"

"घोडेगावच्या पुढं आमच्या वाडीवर चहा घेऊ," रत्ना म्हणाली. "आई आहे घरी. शेवटी ठेवा माझं, म्हणजे तुमची गैरसोय नको."

जुन्नर

सकाळी आठला जीप ओतूरच्या स्टँडसमोरून निघाली. कुसुम स्टिअरिंगवर, डोक्यावरून पदर घट्ट खोचलेला. तिनं भोंगा वाजवला तेव्हा स्टँडवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं निघाल्या बाया?"

"सिंगापूरला," कुसुम म्हणाली.

"बेल्ह्यावरून का नारायणगावावरून?"

विजयानं शिवनेरीचे सातही दरवाजे मिनिटांसकट कागदावर मांडले होते. गळ्यात शाळेच्या पीटीच्या सरांकडून मागून आणलेली शिट्टी. पहिला दरवाजा, शिट्टी. दुसरा दरवाजा, शिट्टी. वर जाणाऱ्या एका शाळेच्या सहलीनं आम्हाला पोलिसांतल्या समजून वाट दिली. तिसऱ्या दरवाजापाशी मला एक ताकवाली भेटली. तिचं माहेर उंब्रजचं निघालं आणि तिची चुलती माझ्या मावशीच्या शेजारची. पुढचे चार दरवाजे माझ्याकडून पाहायचे राहिले. बाकीच्या खाली आल्या तेव्हा मी ताकवालीच्या नातीच्या वेण्या घालत होते.

"तू किल्ला पाहिलाच नाहीस," विजया म्हणाली.

"मी तीनदा पाहिलाय. हिला आजच पाहिलं."

"तुझा एक गुण कापला," विजया म्हणाली आणि खरंच कागदावर काहीतरी लिहिलं.

डिंभे

कुसुमच्या बंदरात मात्र उलटं झालं. धरणाच्या भिंतीपाशी जीप थांबली आणि एरवी अखंड बोलणारी कुसुम गप्पच झाली. पाणी डोंगरांच्या बेचक्यांतून आत आत गेलेलं, मधे टेकड्यांची हिरवी टोकं. ज्या आंबेगावाचं नाव साऱ्या तालुक्याला, ते गाव त्या पाण्याखाली आहे.

आम्ही भिंतीच्या अलीकडे झाडाखाली फडकं पसरलं. मी केलेल्या मासवड्या, कुसुमच्या बाजरीच्या भाकरी, तीळकुटाची चटणी. मासवडीत मासा नसतो, हे पुढं बोटीवर मला अकरा जणांना समजावून सांगावं लागलं. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-कांद्याचं तिखट सारण भरून कापलं की ती माशासारखी दिसते, बस्स.

विजयाची शिट्टी झाली. कुसुम हलली नाही.

"कुशे, वेळ झाली."

"आमच्या पाटाला पाणी येतं तवा मी लई खूश असते बघ," कुसुम पाण्याकडे बघत म्हणाली. "हे धरण आमचं न्हाई, पर कुठलं तरी असंच आसंल. त्याच्याखाली कुणाची चूल व्हती, हे डोक्यातच येत न्हाई." मग ती उठली, काठावरची माती उचलली, चुरली, आणि काहीही निकाल न देता गाडीत बसली.

तिथून पंचवीस मिनिटं उशिरा निघालो. विजयानं ती पंचवीस मिनिटं पुढच्या बंदरातून वळती केली. पुढचं बंदर माझं होतं.

घोडेगाव

बाजाराचा दिवस होता. माझी पाऊण तासाची राजवट वीस मिनिटांवर आलेली. तरी मी राणीसारखी उतरले. लसूण, मडकी, घोंगड्या, आणि कोपऱ्यात मुरबाडकडून घाट चढून आलेली एक सुकटवाली. तिनं सोडे हातावर ठेवत सहज सांगितलं, की तिच्या सुनेनं सासूला न सांगता शिलाई मशीन घेतलं, आणि आता सासूचीच पोलकी शिवून तिला विकत देते.

आता असं वाक्य अर्धवट सोडून कोण उठेल? पहिला भोंगा मी ऐकला. दुसरा ऐकला. तिसरा ऐकला तो मला दुसराच वाटला, कारण मधे ती सून शिलाईत सूट द्यायला तयार झाली होती. मी सोड्यांची पुडी घेऊन धावत आले तेव्हा जीप वळणावरून दिसेनाशी होत होती. धूळ खाली बसली, आणि तिच्यातून रत्ना दिसली. एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात माझी छत्री.

"तू का उतरलीस?"

"तू एकटी राहिली असतीस."

"आणि तुझं बंदर?"

"विजी म्हणाली, उशीर झालाय, दोघी खाली म्हणजे आता सरळ ओतूरला. नियम तिचा नाही, सगळ्यांचा आहे." ती हसली. "इथनं अर्धा तास चाललं की आमचं घर. चल. आईनं चौघींचं केलंय."

त्या अर्ध्या तासात मी एक शब्द बोलले नाही. ज्यांना मी माहीत आहे त्यांनी या वाक्याची नोंद घ्यावी.

वाडीवर

रत्नाची आई ओट्यावरच उभी होती. आमच्या मागे अजून दोघी येतील म्हणून तिनं मान उंच करून रस्ता बघितला.

"जयभीम मावशी," मी म्हणाले.

"जयभीम, बाई. बाकीच्या कुठं ऱ्हायल्या?"

"त्यांना घाई होती, आई," रत्ना म्हणाली.

मावशी आत वळली. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, लसणाचा तवंग आलेली, दोन ताटांत वाढली. चार ताटं मांडलेली होती. दोन तिनं उचलून पुन्हा फळीवर ठेवली. तो ताटांचा आवाज मला नको होता.

जेवताना समोरच्या भिंतीवर एक तसबीर दिसली. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आडवी, काळपट लाकडाच्या चौकटीत. उजव्या कुशीवर निजलेले बुद्ध, हाताची उशी केलेली. जुन्या कॅलेंडरवरचं चित्र होतं. गुडघ्यांपर्यंत आलं आणि तिथं चौकट लागली.

"पाय न्हाईत," मावशी म्हणाली. मी बघतेय हे तिनं बघितलं होतं. "रत्नाच्या बाबांनी पुन्याहून आनलं व्हतं. घरात एक काच पडलेली, तिच्यात बसंना. मानूस गवंडी. म्हनला, काच कापली तर तडकंल, चित्र कापतो. कापलं. मी बाजारातनं आले तर पाय चुलीत गेल्याले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? चाळीस वर्सं रोज म्हनते. डोकं टेकवायचं कुठं, गुडघ्यावर? ते मरेपतूर म्हनत ऱ्हायले, मनात पाय समज. मनात समजाय मी काय पाह्यलेत व्हय कधी?"

रत्ना खाली मान घालून हसत होती. मावशीनं माझ्या ताटात अजून शेंगोळी घातली. "आता ही जाते म्हनते बोटीनं. त्या गावात असलेच बुद्ध हायेत म्हनं, ह्या घरापरास लांब. मी तिला सांगितलंय, नुस्तं 'छान व्हते' असं मला येऊन सांगू नको. बोटं कशी हायेत, टाच कशी हाय, एक पाय दुसऱ्यावर कसा ठेवलाय, नीट बघून ये. मला आता दिसतंय ते अर्धंच. तू सांगशील तेवढंच मी बघनार."

मी रत्नाकडे बघितलं. पुस्तिकेत पेनांगच्या पानावर एका कोपऱ्यात तो निद्रिस्त बुद्ध होता. आम्ही तिघींनी ते पान दहा वेळा उलटलं होतं.

परत मोठ्या रस्त्याकडे चालताना मी म्हणाले, "आज रात्रीच विजीला सांगते."

"नाही सांगायचं."

"अगं पण..."

"मंगे, मी मागितलं की तुम्ही सगळ्या लगेच हो म्हणाल. तोंड वाकडं न करता. मला माहितीय ना तुम्हाला. पण तसलं हो मला नको. जमलं तर बघेन, नाही जमलं तर आईला सांगेन, बंद होतं." ती थांबली. "तू सांगितलंस तर मी येणारच नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे बसून आम्ही नारायणगाव गाठलं आणि तिथून घरी. दुसऱ्या दिवशी विजयानं निकाल वाचला: "तालीम यशस्वी. एक प्रवासी गहाळ, एक स्वखुशीनं खाली." आणि पेनांगचा बेत मांडला. बंदरातून कंपनीची बस, तिच्यातून किल्ला, घड्याळाचा मनोरा, टेकडीवरची आगगाडी, मसाल्यांची बाग. मसाल्यांची बाग कुसुमसाठी. टेकडी माझ्यासाठी, कारण तिथं गर्दी असते. "रत्ने, तुला?"

"मला काहीही चालेल."

पुढच्या दोन महिन्यांत मी शपथ न मोडता काय काय केलं म्हणून सांगू. वर्गात बुद्धाच्या गोष्टी वाचल्या आणि त्या विजयाच्या घरी जाऊन तिला मोठ्यानं सांगितल्या. कुसुमला म्हणाले, मला हल्ली आडवी माणसं स्वप्नात दिसतात. ती म्हणाली, रात्रीचं वांगं खाऊ नको.

बोट

बोटीबद्दल लोक खूप विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. ती ओतूरच्या बाजारपेठेपेक्षा मोठी होती आणि आत गालिचा होता. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे आकड्यांकडे बघतात. आपल्याकडे एस्टीत शेजारी बसलेल्या माणसाचं गाव, नातीगोती आणि मुलाचा पगार कळायला पुढच्या खिंडीपर्यंतसुद्धा जावं लागत नाही. दोन दिवस मी लिफ्टमध्ये सगळ्यांना 'कुठून आलात' विचारलं. तिसऱ्या दिवशी लोक मला बघून जिन्यानं जाऊ लागले.

जेवणाच्या दालनात वीस तऱ्हेचे पाव. कुसुमनं ते सगळे बोटानं दाबून पाहिले आणि पिशवीतून भाकरी काढली. वाढणाऱ्या फिलिपिनो पोरीनं कुतूहलानं चटणी चाखली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुसुमनं पदरानं तिचं तोंड पुसलं. जाईपर्यंत ती पोर आमच्याच टेबलाला होती.

फुकेतला चौघी एकत्र गेलो, एकत्र आलो. विजयाच्या चेहऱ्यावर ड्रिल मास्तराचं समाधान. उद्या पेनांग.

पेनांग

आता एक गोष्ट कबूल करते, जी आमच्या भागातल्या माणसाला समजवावी लागत नाही आणि बाकीच्या जगाला समजवता येत नाही. गाडी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल पडला की सीट आपली. मग माणूस खाली चहा पिऊ शकतो. हा कायदा कुठं लिहिलेला नाही आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

धक्क्यावर कंपनीच्या तीन बस उभ्या होत्या, तिन्ही सारख्या निळ्या. विजया आमच्या पुढं पळत गेली, पहिल्याच बसमध्ये चढली, चार सीटवर चार रुमाल टाकले आणि विजयी मुद्रेनं आम्हाला घ्यायला परत आली. मी तेव्हा बोटीच्या शिडीवर एका केरळच्या आजींशी हातवाऱ्यांनी बोलत होते. कुसुम धक्क्याच्या कडेला कुंडीतली माती बघत होती. रत्ना दोघींच्या मधे.

बसपाशी आलो तर आमच्या सीटवर चार गोरी माणसं बसलेली. रुमाल नीट घडी घालून समोरच्या जाळीत ठेवलेले.

"एक्सक्यूज मी," विजया म्हणाली, "धिस इज अवर रुमाल."

ती माणसं अतिशय नम्रपणे रुमाल परत देऊ लागली. सीट देईनात. विजया रुमाल घेईना. गाईड आला. त्यानं आमची तिकिटं पाहिली, त्यांवरचा तीनचा आकडा दाखवला, आणि मग धक्क्याच्या फाटकाकडे बोट केलं. तीन नंबरची निळी बस फाटकातून बाहेर वळत होती. ही बस भरलेली, ती गेलेली. आम्ही खाली उतरलो.

दुपारचा एक वाजून गेला होता. बोटीवर चारला चढायचं होतं. विजया हातात चार रुमाल घेऊन उभी होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे पुढचं वेळापत्रक नव्हतं.

"टॅक्सी करून बस गाठू," ती म्हणाली. "आधी किल्ल्यावर असेल."

"बस गाठून काय करायचं? आपल्याच आपन बागेत जाऊ," कुसुम म्हणाली.

"बाग लांब आहे. बेतात ती शेवटी आहे."

"बेत गेला फाटकातनं. मी बघितला जाताना."

"तू कुंडी हुंगत बसली नसतीस तर गेला नसता."

"आन् तू दुसऱ्याच्या गाडीत रुमाल टाकलास ते?"

अर्धा तास. चौऱ्याण्णव सालचं भीमाशंकर जसंच्या तसं. रत्ना एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "नाहीतर असं करूया का, तुम्ही तिघी टॅक्सीनं जा. मी इथंच थांबते, सामान सांभाळते."

मला फळीवर परत ठेवलेली ती दोन ताटं ऐकू आली. मी शपथ मोडली. सगळी मोडली. काच, गवंडी, चुलीत गेलेले पाय, मावशीची अर्धी दृष्टी, पुस्तिकेतला कोपरा, शेंगोळीची चार ताटं, एका दमात, धक्क्यावर, भर उन्हात.

 रत्ना माझ्याकडे बघून फक्त "मंगे" म्हणाली, आणि तो स्वर मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"चार ताटं मांडली होती?" विजयानं विचारलं.

"हो."

"मला दोन महिने कुणी सांगितलं नाही." ती रत्नाकडे वळली. "मी काय राक्षस आहे?"

"न्हाई, पर शिट्टी लई जोरात वाजवतीस," कुसुम म्हणाली.

विजयानं रुमाल पर्समध्ये कोंबले आणि ती टॅक्सी थांबवायला रस्त्यात उतरली.

टॅक्सीवाला तमिळ निघाला, पांढऱ्या मिशांचा. चार लुगडी-साड्यांकडे बघून आणि 'टेंपल' हा एक शब्द ऐकून त्याचा चेहरा उजळला. वाटेत गर्दी, त्यात त्यानं आम्हाला मोठ्या अभिमानानं नेऊन उतरवलं ते डोंगराच्या पायथ्याशी, मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीच्या, देवळापाशी. पायऱ्या वरपर्यंत दिसत होत्या. तो आमच्यासाठी हात जोडून उभा राहिला. त्याचं मन मोडवेना. आम्ही खालूनच नमस्कार केला. अडीच वाजले.

"बुद्धा," विजया म्हणाली. "बुद्धा, बुद्धा."

त्यानं हसून पायऱ्यांकडे बोट केलं. आधी हे, मग ते.

तेव्हा मी रंगभूमीची सेवा केली. टॅक्सीचं मागचं दार उघडलं, सीटवर उजव्या कुशीवर आडवी झाले, हात डोक्याखाली घेतला, डोळे शांत केले आणि पाय एकमेकांवर ठेवून दाराबाहेर लांब काढले. टॅक्सीवाला घाबरला. रत्नाकडे वळून त्यानं विचारलं, "हॉस्पिटल?"

कुसुमनं माझ्याकडे बोट दाखवून दोन्ही हात शक्य तितके फाकवले. लांब. लई लांब.

"आह," तो म्हणाला. "स्लीपिंग बुद्धा." आणि रत्ना तेवढ्यात पहिल्यांदा मोठ्यानं हसली, म्हणजे माझी शपथ मोडल्याचं पाप निम्मं तरी फिटलं असावं.

पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. चपला काढल्या. आत थंड फरशी, उदबत्तीचा वास, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी वस्त्रात निजलेले बुद्ध. नजर एका वेळी पुरत नाही, चालत बघावं लागतं. कुसुम तिथं ढेकूळ शोधत नव्हती. विजयानं घड्याळाचा हात पदराखाली घेतला होता.

रत्ना डोक्याकडे गेलीच नाही. ती सरळ उजव्या टोकाला गेली. पावलं होती. एकावर एक, माणसापेक्षा लांब. ती हात जोडून उभी राहिली, मग फरशीवर बसली, डोकं टेकवलं. मला वाटलं, आता उठेल. ती उठली नाही. ती बघायला लागली. दवाखान्यात पेशंटचा पाय बघावा तशी, अंगठ्यापासून, एकेक बोट; टाच आणि वरचा पाय खालच्यावर कुठं टेकलाय ते अजून पुढं होतं. ओठ हलत होते. ती पाठ करत होती.

पावणेचार होत आले तसा दारातून टॅक्सीवाला आत आला. त्यानं मनगटावर बोट आपटलं. "मॅडम. शिप. शिप गो."

मी विजयाकडे बघितलं. कुसुमनं बघितलं. रत्ना करंगळीपाशी पोचली होती आणि अजून एक पाय पूर्ण राहिला होता.

टॅक्सीवाला पुन्हा म्हणाला, "शिप गो, मॅडम."

त्यावर विजया, जिच्या घरात तीन घड्याळं आहेत, सगळ्या देवळात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जाऊ दे जहाज. मागून एस्टी असेल."